हयातीचा दाखला आणि ज्येष्ठ खातेदार : एका बँक शाखेतील अनुभव

पुण्यातील ज्या राष्ट्रीयीकृत बँकेत माझे निवृत्तिवेतन जमा होते, तेथे नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी गेले असता आलेला हा अनुभव आहे. शाखा तळमजल्यावर आहे, पायऱ्यांना कठडा आहे, बसायला पुरेशा खुर्च्या आहेत आणि सुरक्षारक्षक टोकन काढून हातात देतो. याबद्दल तक्रार नाही.

त्रास खिडकीपाशी झाला. वयामुळे बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात, तेव्हा कर्मचाऱ्याने माझ्याकडे न पाहता सोबतच्या सुनेला विचारले, "आजींना ओटीपी वगैरे कळतं का?" खातेदार मी, आधार कार्ड माझ्या हातात, मोबाइल माझ्या पर्समध्ये, शिवाय टपाल खात्यात बचत बँकेची खिडकी मी वर्षानुवर्षे सांभाळलेली. उत्तर मी दिले, तरी पुढचा प्रश्न पुन्हा सुनेलाच विचारला गेला. शेजारच्या खिडकीवर, केवळ स्वतःच्या नावावर असलेल्या ठेवीची मुदत वाढवायला आलेल्या गृहस्थांना "काका, मुलाला घेऊन या" असे सांगून परत पाठवले. बोलणे दोन्हीकडे गोड होते आणि म्हणूनच ते अधिक लागले, कारण गोड बोलणाऱ्याशी भांडता येत नाही.

मला "पुढच्या आठवड्यात या" असे सांगण्यात आले. वास्तविक केंद्र सरकारच्या 'जीवन प्रमाण' सेवेत 2021 पासून चेहरा ओळखूनही दाखला देता येतो. हे आतल्या टेबलावरील एका तरुण अधिकारी बाईंना ठाऊक होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढून मला बसवले, फोन माझ्याच हातात ठेवला, डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली आणि काही मिनिटांत काम झाले. त्या सर्व वेळ माझ्याशीच बोलत होत्या.

रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये ज्येष्ठांना खिडकीवर प्राधान्य आणि सत्तरीपुढील खातेदारांना घरपोच मूलभूत सेवा देण्याच्या सूचना बँकांना केल्या आहेत. येथे 'ज्येष्ठ नागरिक' अशी पाटी आहे, परंतु मी गेले तेव्हा त्या खिडकीत कोणीही नव्हते, आणि घरपोच सेवेची माहिती मी विचारल्यावरच मिळाली.

पाचपैकी तीन तारे देत आहे. ठसे उमटले नाहीत तर परत फिरू नका. चेहऱ्यावरून दाखला करून देण्याची मागणी तिथल्या तिथे करा.