बोटॉक्स की महिन्याचं इंजेक्शन?

मायग्रेनच्या रुग्णाचं महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखतं आणि रोजच्या गोळ्यांनी भागत नाही, तेव्हा हे दोन पर्याय समोर येतात. मायग्रेनसाठी बोटॉक्सला अमेरिकेत 2010 मध्ये मान्यता मिळाली. दर 12 आठवड्यांनी कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान, खांदे मिळून 31 ठिकाणी बारीक सुया. ऐकूनच धसका बसतो, पण काम लवकर उरकतं. हात मात्र सरावाचा हवा. नाहीतर पापणी काही आठवडे लोंबते.

महिन्याचं इंजेक्शन म्हणजे 2018 मध्ये आलेलं एरेनुमॅब. मायग्रेनची वेदना चेतवणारं सीजीआरपी हे शरीरातलं रसायन जिथे चिकटतं, ती जागाच ते अडवतं. महिन्यातून एकदा, घरच्या घरी पोटावर किंवा मांडीत टोचायचं. बद्धकोष्ठता (कधी चांगलीच त्रासदायक) होऊ शकते, रक्तदाबही वाढू शकतो. तज्ज्ञापासून लांब राहणाऱ्याला मला हेच सोयीचं वाटतं, खिशाला झेपत असेल तर.