संशोधन प्रकल्प बाजारापर्यंत नेण्याचा वर्ग: एमएस्सीच्या मुलांनी जरूर करावा

मी नाशिकमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मुलांचे एमएस्सीचे प्रकल्प तोंडी परीक्षा झाली की काळ्या बाइंडिंगमध्ये कपाटात जातात आणि तिथेच राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून गंगापूर रोडला शनिवार-रविवारी चाललेल्या या वर्गाला विद्यार्थ्यांबरोबर मीही बसले.

सगळ्यात आवडलं ते नियोजनाचं सत्र. गँट चार्ट, म्हणजे कुठलं काम कधी करायचं याचा तक्ता, आपण पुस्तकातला शिकवतो. इथे सरांनी तो द्राक्षबागेवर बसवला. आमच्या एका विद्यार्थिनीचा विषय आहे द्राक्षावरच्या भुरी या बुरशीच्या रोगासाठी बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू. आपल्याकडे गोड्या बाराची, म्हणजे फळं धरण्यासाठीची छाटणी ऑक्टोबरच्या आसपास, आणि भुरीचा जोर त्यानंतरच्या थंडीत. म्हणजे जिवाणूचं कल्चर, मात्रा आणि शेतकऱ्याची परवानगी छाटणीच्या आधी हातात हवी. हा हंगाम हुकला तर वर्ष गेलं आणि पदवी आधीच हातात पडली! तिचा तक्ता सरांनी सगळ्यांसमोर शेवटाकडून सुरुवातीकडे भरून घेतला.

दुसरं, मुलांना निफाडकडे बागाईतदाराकडे पाठवलं, तेही काहीही न विकता फक्त ऐकायला. भुरीची बुरशी जिवंत पानाशिवाय वाढत नाही, त्यामुळे आमच्या मुलीने तोडलेल्या पानांवर चाचण्या घेतल्या होत्या, आकडे चांगले होते. त्या काकांनी कागद बाजूला ठेवून विचारलं, ‘ताई, गंधक मारल्यावर हे चालतं का? आन् एप्रिलात माझ्या शेडचा पत्रा तापतो, तिथं किती दिस टिकंल?’ परत आल्यावर तिने प्रकल्पात साठवणुकीची चाचणी घातली. बॅसिलस बीजाणू करतो, तेव्हा शंखजिऱ्याच्या भुकटीत तो किती तग धरतो हे मोजण्यासारखंच आहे. मार्गदर्शक म्हणून मी हे सांगितलं असतं तर एक मुद्दा वाढला असता. काकांनी विचारल्यामुळे तिला ते मनापासून पटलं.

पेटंटचं सत्र नेमकं होतं. निसर्गात सापडलेला जिवाणू जसाच्या तसा पेटंट होत नाही, पेटंट कायदा 1970, कलम 3(सी). त्यापासून केलेलं नवं मिश्रण किंवा पद्धत होऊ शकते. आधी तात्पुरता अर्ज, मग 12 महिन्यांत पूर्ण तपशील. ऑनलाइन अर्जाची मूळ फी व्यक्तीला आणि शिक्षणसंस्थेला 1600 रुपये आहे, वकिलाचा खर्च वेगळा. जिवाणू मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागतो, तशी सोय पुण्यातच आहे. भारतीय जैवसंपदा वापरली असेल तर जैवविविधता प्राधिकरणाचंही पाहावं लागतं. आणि पोस्टर लावायचं ते अर्ज केल्यावरच. आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेची तयारी करणाऱ्यांनी एवढं एक वाक्य तरी वहीत लिहून ठेवावं.

गुंतवणूकदारांसमोर बोलण्याचं सत्र मात्र फसलं. उदाहरणं सगळी मोबाइल अॅपची. अॅप आज केलं, उद्या लोकांच्या हातात. जैविक बुरशीनाशक विकायचं तर कीटकनाशक कायदा 1968 खाली केंद्रीय नोंदणी लागते, विषारीपणाची आणि परिणामकारकतेची माहिती द्यावी लागते, त्यात वेळ आणि पैसा जातो. त्याचा खर्च कसा धरायचा हे कुणीच सांगितलं नाही. एका मुलाने विचारलं तर ‘पुढे बघू’ एवढंच. जैवतंत्रज्ञानातल्या नवउद्योगांना मदत करणाऱ्या बायरॅक या सरकारी संस्थेच्या बिग अनुदानाचा (50 लाखांपर्यंत) उल्लेख झाला, पण अर्ज कसा लिहायचा ते राहून गेलं. मुलांना सगळ्यात जास्त हवं होतं ते हेच.

फी माझ्या मते रास्त. चहा-नाश्ता ठीक, प्रोजेक्टरचा आवाज मागच्या बाकापर्यंत त्रास देतो.

माझे पाचपैकी चार. आपला विषय बरोबर घेऊन जा, रिकाम्या हाताने बसलात तर अर्धं डोक्यावरून जाईल. आयोजकांना कळकळीची विनंती, हा वर्ग डिसेंबरात न ठेवता जुलैत ठेवा, म्हणजे विषय ठरवतानाच मुलांना बागाईतदार भेटेल आणि ऑक्टोबरची छाटणी हातात असेल.