तारेची जाळी की सुटी पॅनेलं?
व्हायब्रेटिंग स्क्रीनवर, म्हणजे थरथरणाऱ्या यांत्रिक चाळणीवर, लोहखनिज चाळायला तारेची विणलेली जाळी घ्यावी की पॉलियुरेथेनची, म्हणजे रबरासारख्या चिवट प्लास्टिकची, भोकं असलेली सुटी पॅनेलं? जाळी स्वस्त पडते. तिच्यात मोकळी जागाही जास्त, त्यामुळे तेवढ्याच डेकवरून (चाळणीच्या पृष्ठभागावरून) माल अधिक उतरतो. पण एका जागी फाटली की अख्खी उतरवा, नवी ताणून बसवा. ताण कमी पडला तर तीही लवकर तुटते. पॅनेलं साधारण ३०५ बाय ३०५ मिलिमीटरची. माल जिथे आदळतो तिथली आधी झिजतात, तेवढीच बदलायची. आवाजही कमी, आणि तिथे काम करणाऱ्यांच्या कानांसाठी हे फार मोलाचं आहे. गोव्यातल्या चिकणमाती मिसळलेल्या खनिजाने भोकं बुजतात. तिथे पाण्याच्या फवाऱ्यासोबत लवचीक पॅनेलंच बरी. तापलेल्या मालाला मात्र तारच घ्या.