थंडीत अंगणातले मासे: बाहेरच राहू द्यायचे की घरात आणायचे?

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. त्याच पहाटे अंगणातल्या टाक्यात मासेही असतात, आणि दर डिसेंबरात कुणी ना कुणी मला विचारतंच, यांना आत घेऊ का? मी आधी दोन गोष्टी विचारतो: मासा कोणता आणि पाणी किती खोल?

गोल्डफिश आणि गप्पी एकाच दुकानातून, एकसारख्या पिशवीतून घरी येतात. पण गोल्डफिश चीनमधला, थंड पाण्याचा; गप्पी त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडच्या उबदार ओढ्यांतला. गोल्डफिश बर्फाखालीही हिवाळा काढतो. पाणी 4 अंशांना सर्वांत जड होतं, त्यामुळे वर बर्फ असला तरी खोल तळ्याच्या बुडाशी तेवढी ऊब टिकते. प्राणवायू संपत आला तर हा मासा शरीरात साठणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं अल्कोहोल करून कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो! त्याला आपली थंडी काय करणार? गप्पीला मात्र 22 ते 28 अंश लागतात. पाणी 15 च्या खाली गेलं की तो पंख मिटून तळाशी बसतो.

पहिल्या वर्षी मी गप्पी 50 लिटरच्या टबात बाहेरच ठेवले. दुपारी पाणी 24 अंश, पहाटे 13. चार दिवसांत अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले, आठवड्यात बहुतेक सगळे गेले. फार वाईट वाटलं. नुसत्या गारठ्यापेक्षा हा रोजचा चढउतार माशाला जास्त मारतो, हे तेव्हा कळलं. शेजारच्या तीन फूट खोल सिमेंटच्या टाक्यात तोच फरक दोन-तीन अंशांचा होता आणि तिथले गोल्डफिश ठणठणीत होते. म्हणून टबात गोल्डफिशसुद्धा मी ठेवणार नाही.

गोल्डफिशमध्येही साध्या, एका शेपटीच्या कॉमेट या प्रकारावर माझा भरवसा. ओरांडासारखे गोलमटोल प्रकार नाजूक असतात, ते आतच बरे. कोई हा मोठा होणारा रंगीत कार्प मासाही थंडीला भीत नाही, पण त्याला जागा भरपूर लागते. शेततळ्याएवढं पाणी असेल तरच घ्या.

बाहेर ठेवण्याचा खर्च नाही, मात्र हात आवरावा लागतो. पाणी 10 अंशांखाली असेल तर खाणं पूर्ण बंद. पचत नाही आणि उरलेलं पाण्यात कुजतं. बोअरचं कोमट पाणी एकदम सोडू नका, पुन्हा तोच चढउतार. आत आणलं तर 50 लिटरला 50 वॉटचा हीटर पुरतो. रात्रीचे बारा तास अखंड चालला तरी 0.6 युनिट. खरी अडचण वीज जाण्याची, म्हणून काचेच्या टाकीभोवती रात्री जुनी गोधडी गुंडाळते आमच्याकडे आई.

गप्पी सगळे आणायची गरज नाही. पाच-सहा जोड्या आणल्या तरी पिल्लं होत राहतात, मार्चमध्ये टाकं पुन्हा भरतं. आणायचे ते दिवाळीच्या सुमारास, पाणी अजून विशीत असताना. पिशवी वीस मिनिटं आतल्या पाण्यावर तरंगू द्या, मग थोडं थोडं पाणी मिसळून मासे सोडा.