खाऱ्या सांडपाण्यासाठी कॉर्मिक्स की डेल्फ्ट-३डी?

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आरओ प्लांटचं उरलेलं खारं पाणी पुष्कळदा शेजारच्या नाल्यातच सोडतात. ते कुठवर, किती पसरेल याचं संगणकावर मॉडेल करायचं असेल तर कॉर्मिक्स आणि डेल्फ्ट-३डी ही दोन सॉफ्टवेअर पुढे येतात. दोन्ही मी वापरली आहेत.

कॉर्मिक्सचा परवाना विकत घ्यावा लागतो, डेल्फ्ट-३डीचा मूळ कोड खुला आहे. पण कॉर्मिक्स आकडे भरले की लगेच उत्तर देतं, आणि पाइपच्या तोंडाजवळ पाणी कसं मिसळतं ते पाहायला मी अजूनही आधी तेच उघडतो.

माझं अडलं ते त्याच्या वर्गवारीपाशी. खोली, वेग आणि घनतेतला फरक पाहून ते प्रवाहाला एका वर्गात बसवतं आणि पुढचं गणित त्या वर्गाच्या सूत्रांनी करतं. खोल समुद्रात वीतभर फरकाने सहसा काही बिघडत नाही. आपल्या नाल्यात पाणी पौषात गुडघाभर, चैत्रात घोट्याएवढं. तेवढ्या फरकात वर्ग बदलतो आणि पाणी किती पातळ होईल याचा आकडा एकदम उडी मारतो. मग ग्रामपंचायतीला यातला कोणता सांगायचा?

त्यात कॉर्मिक्सचा नाला सरळ, सारख्या खोलीचा. खऱ्या नाल्यात डोह असतात. लिटरमागे एक ग्रॅम मीठ वाढलं की पाणी घनमीटरमागे साधारण पाऊण किलोने जड होतं, आणि संथ डोहात तळाशी बसायला तेवढंही पुरतं. काठीला बाटली बांधून तळाचं पाणी काढा. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) आकडा वरच्या पाण्याहून बराच चढा दिसेल. वैशाखात वाहणं थांबलं की गुरांना तेच डोह उरतात.

डेल्फ्ट-३डीत तो डोह जसाच्या तसा ग्रिडमध्ये, म्हणजे छोट्या चौकटींच्या जाळ्यात, उतरवता येतो. कटकटी आहेत. सिग्मा लेयर (तळाच्या चढउताराप्रमाणे वाकणारे थर) ठेवले तर डोहाच्या उतारावर खोटंच मिसळणं दिसतं, म्हणून झेड लेयर (सपाट, आडवे थर) घ्यावेत. सोडलेलं पाणी अख्ख्या सेलमध्ये (ग्रिडच्या एका चौकटीत) क्षणात मिसळल्याचं धरलं जातं, त्यामुळे पाइपजवळचे आकडे प्रमाण मानू नयेत. एक रन, म्हणजे एकदाचं सगळं गणित, रात्रभर चालतो आणि लाइन कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा रीस्टार्ट फाइल (थांबलं तिथून पुन्हा सुरू करायला लागणारी) थोड्या थोड्या वेळाने लिहायला लावा.

वाहत्या, सरळ पात्रासाठी कॉर्मिक्स कदाचित पुरेल. डोहांच्या नाल्यासाठी मी डेल्फ्ट-३डीच घेईन. त्याआधी उन्हाळ्यात प्रत्येक डोहाची खोली मात्र स्वतः उतरून मोजून घ्या.