० ते ३ वयाच्या मुलांना सांभाळणाऱ्यांसाठीचा ट्रेनिंग कोर्स: आठ महिने रोज वापरल्यावर

मी डोंबिवलीत घरातच पाळणाघर चालवते, चौदा वर्षं झाली. सध्या अकरा मुलं आहेत, त्यातली सहा तीन वर्षांच्या आतली, सगळ्यात लहान पाच महिन्यांची. मदतीला दोन मावशी. मागच्या वर्षी हा कोर्स केला, तीन महिन्यांचा, शनिवारी दुपारी ऑनलाइन आणि मध्ये सहा रविवार प्रत्यक्ष, फी साडेअठरा हजार. संपल्या संपल्या ग्रुपवर सगळ्याजणींनी छान छान लिहिलं, मी काहीच लिहिलं नाही, कारण मला बघायचं होतं की सोमवारी सकाळी आईबाबांची लोकल चुकायला आलेली असते आणि चार पोरं एकदम दारात येतात तेव्हा यातलं हातात काय राहतं. संस्थेचं नाव देत नाही, असे कोर्स आता बरेच निघालेत आणि शिकवतात साधारण हेच.

पहिला महिना मला वाटलं पैसे गेले. मेंदूची चित्रं, पहिल्या काही वर्षांत दर सेकंदाला दहा लाखांहून जास्त नवीन जोडण्या होतात वगैरे. ऐकायला भारी वाटतं पण माझ्या हॉलमध्ये त्याचं करायचं काय ते कळेना. मग एक अख्खा रविवार फक्त डायपर बदलण्यावर होता. मी मनात म्हटलं चौदा वर्षं हेच करतेय, यात नवीन काय. मग त्यांनी गोष्ट सांगितली. हंगेरीत बुडापेस्टमध्ये एमी पिकलर नावाच्या डॉक्टर होत्या, त्यांनी १९४६ साली आईवडिलांशिवाय राहणाऱ्या बाळांसाठी एक बालगृह सुरू केलं, आणि तिथे नियमच होता की बाळाला हात लावायच्या आधी त्याला सांगायचं, हात पुढे करायचे आणि थांबायचं. बाळाने काहीतरी प्रतिसाद दिला, नुसती नजर वळवली तरी, की मग उचलायचं. बास एवढंच. पण आम्हाला एकमेकींवर करून दाखवायला लावलं, डोळे मिटून बसलेल्या बाईला न सांगता मागून उचलल्यासारखं खेचायचं, आणि मग सांगून. माझी पाळी आली तेव्हा न सांगता दंड धरला तर मी दचकले, आणि तिथेच पोटात गोळा आला की मी रोज वीस वेळा हेच करते.

मी डायपर कसा बदलायचे, तर दोन मिनिटांत, दोन्ही पाय एका हातात वर धरून, तोंड मावशींकडे आणि डोकं गॅसवरच्या खिमटाकडे. आमच्याकडे एक सात महिन्यांचा मुलगा होता, बदलायला घेतला की ताठ व्हायचा आणि किंचाळायचा, त्याची आई म्हणायची रॅश असेल, रॅश नव्हताच. मी बोलायला सुरुवात केली, आता तुला उचलते हां, आता ओलं काढायचं, आता पुसायचं, जरा गार लागेल. पहिले काही दिवस काही फरक नाही. तिसऱ्या आठवड्यात मी नवीन डायपर हातात घेतला आणि त्याने स्वतःच कंबर वर उचलली. मी तशीच बसून राहिले दोन मिनिटं. सात महिन्यांचं बाळ मला मदत करत होतं, आणि इतकी वर्षं मी ती मदत मागितलीच नव्हती कुणाला.

आता वेळेचं बोलू कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. दोनाची पाच मिनिटं होतात, डायपरवाली चार मुलं, दिवसाला मिळून सोळा-अठरा वेळा, म्हणजे जवळजवळ तासभर जास्त जातो. तो तास मी अ‍ॅक्टिव्हिटी टाइममधून काढला. आधी सकाळी दहा ते अकरा फ्लॅशकार्ड, रंगांची नावं, प्राणी, हे सगळं दीड-दोन वर्षांच्या मुलांना रांगेत बसवून, पालकांना फोटो पाठवायला बरं पडतं म्हणून. ते बंद केलं. दोन पालकांनी विचारलं की हल्ली काही शिकवत नाही का. मी त्यांना शनिवारी एक तास येऊन बसायला सांगितलं, एकजण आले, त्यांच्या मुलीने मोजे स्वतः काढून बादलीत टाकले ते बघून गेले, परत विचारलं नाही.

भरवण्याचं जास्त अवघड गेलं. मुलं घरूनच मोबाईल बघत खायची सवय घेऊन येतात. वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनच्या २०१९ च्या गाईडलाइनमध्ये दोन वर्षांच्या आत स्क्रीन अजिबात नको म्हटलंय आणि दोन ते चारमध्ये दिवसाला एक तासाच्या आत, हे पालकांना माहीत असतं, पण डबा संपला पाहिजे ना. मी पण द्यायचे मोबाईल, खोटं कशाला बोलू. कोर्समध्ये एक जुना प्रयोग दाखवला, अमेरिकेत बोस्टनमधल्या एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांचा, सत्तरच्या दशकातला. आई बाळाशी छान खेळत असते आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा एकदम कोरा करून बसते, काहीच प्रतिसाद नाही. बाळ आधी हसतं, बोट दाखवतं, आवाज काढतं, सगळं करून बघतं आणि शेवटी रडायला लागतं. बघवत नाही. मला त्यात बाळाच्या मोबाईलपेक्षा माझा मोबाईल आठवला. भरवताना एका हाताने मेसेज बघताना माझा चेहरा असाच असतो. त्या सोमवारपासून तिघींचे फोन फ्रिजवर, बेल वाजली तर उठायचं, नाहीतर नाही. हे एकच जरी कुणी घेतलं तरी पुष्कळ आहे.

आणि घास पुढे न्यायचा, तोंड उघडेपर्यंत थांबायचं, मान फिरवली की संपलं. आपल्याकडे चिऊचा घास काऊचा घास करत भरवतात ते उलट कोर्समध्ये चांगलंच म्हणाले, कारण त्यात बाळाकडे बघून बोलणं आहे. गाल दाबून कोंबणं आणि मागे पळत भरवणं बंद. पहिला महिना डबे अर्धे परत जायचे, आया नाराज, एकीने सरळ म्हटलं काकू आधी तुम्ही नीट भरवायचात. मग मी वहीत संपला-नाही संपला लिहिणं सोडून काय काय खाल्लं आणि किती ते लिहायला लागले, तीन चमचे वरणभात, अर्धं केळं स्वतःच्या हाताने, असं. महिन्याने वजनं केली, कुणाचंही घटलं नव्हतं. नंतर कुणी काही बोललं नाही.

झोपवण्याच्या बाबतीत मी बऱ्याच गोष्टी फेकून दिल्या. राईची उशी, मऊ दुलई, बाळाच्या बाजूला ठेवलेली खेळणी, सगळं. एक वर्षाच्या आतलं बाळ पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, तोंडाजवळ काही नाही. एका आजींना फार लागलं ते, राईची उशी त्यांनी स्वतः शिवून दिलेली. त्यांना मी सांगितलं की जागं असताना आपण पालथं घालू, डोकं आपोआप गोल राहील आणि मानही घट्ट होईल. बाळ जागं असताना दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पालथं, ते मी आजींनाच घरी करायला दिलं आणि त्या रोज करतात. पांगुळगाडे दोन होते माझ्याकडे, चांगले महागातले, भंगारात दिले. कॅनडात २००४ पासून त्यांच्या विक्रीवर बंदीच आहे, मुलं त्यात बसून जिन्यावरून पडतात म्हणून, आणि चालायला शिकायला त्यांचा काही उपयोगही नाही. लगेच प्रश्न आला की मग चालणार कधी. आधार न धरता चालणं साधारण आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही येऊ शकतं, हे पाच देशांतल्या मुलांवरून काढलंय आणि त्यात भारतही आहे. हा मोठा पल्ला मी मोठ्या अक्षरात लिहून दारामागे लावलाय. शेजारचं बाळ अकराव्या महिन्यात चाललं म्हणून घाबरून येणाऱ्या आयांना तो वाचून दाखवते.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. कोर्समध्ये निरीक्षणाची वही ठेवायला लावतात. जे दिसलं ते लिहायचं, आपलं मत नाही. "हट्टी आहे" असं लिहायचं नाही, "तीनदा हाक मारली, वळून बघितलं नाही, ताट पडलं तेव्हाही दचकला नाही" असं लिहायचं. मला कंटाळा यायचा, रात्री साडेआठला शेवटचं मूल गेल्यावर कोण लिहिणार. पण एका सव्वा वर्षाच्या मुलाचं असं दोन आठवडे लिहिलं आणि शनिवारी सलग वाचलं तेव्हा हात गार पडले. समोर असलं की गोड हसायचा, म्हणून एरवी लक्षातच आलं नसतं. त्याच्या आईबाबांना वही दाखवली, माझ्याकडून एक शब्द जास्त न बोलता, आणि डॉक्टरांकडून कान तपासून घ्या म्हटलं. ऐकू कमी येत होतं, दोन्ही कानांनी. आता त्याला मशीन आहे, थेरपी चालू आहे, मागच्या महिन्यात मावशींच्या बांगड्या वाजल्या तर वळून बघितलं त्याने. मावशी रडल्या. ज्यांना खाजगीत परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत, २०१३ साली तो आपल्या पालघरमधूनच सुरू झाला होता, जिल्हा पातळीवर त्यासाठी केंद्रं असतात, अंगणवाडीत विचारलं तरी सांगतात.

आणि हे लिहिताना मला नऊ-दहा वर्षांपूर्वीची एक आई आठवते. तिने मला विचारलं होतं काकू हा बोलत का नाही, आणि मी तिला म्हटलं होतं अगं मुलगे उशिरा बोलतात, थांब जरा. ती थांबली. पुढे त्यांनी घर बदललं, मुलाचं काय झालं मला कळलं नाही. तेव्हा मला हे माहीत असतं तर.

सोडायला येतात तेव्हाचंही एक. बाळाचं लक्ष नाही तोवर गुपचूप निघा, हे मीच इतकी वर्षं सांगत आले. आता आईने सांगून, टाटा करून जायचं, आणि पहिला आठवडा थोडा थोडा वेळ स्वतः बसायचं. पहिले चार-पाच दिवस रडणं जास्त होतं हे खरं, पण नंतर दिवसभर दाराकडे बघत बसणं थांबतं. ज्यांना सुट्टीच मिळत नाही त्यांची आजी किंवा बाबा बसतात.

आता जे पटलं नाही ते. प्राथमिक उपचार फक्त एका व्हिडिओत उरकले. घशात काही अडकलं तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला पालथं धरून पाठीवर पाच थापा आणि मग उलटवून छातीवर पाच दाब, हे बघून येत नाही, बाहुल्यावर हाताने करावं लागतं. मी नंतर वेगळे पैसे भरून तेवढंच शिकून आले, दोन्ही मावशींना घेऊन. माझ्या मते हे पहिल्या रविवारी व्हायला हवं. खेळण्यांची यादी दिली ती लाकडी आणि महाग, मी सहा हजारांची घेतली, मुलं खेळतात स्टीलचे डबे, वाट्या आणि जुन्या ओढणीशी. व्हिडिओत एका बाईकडे तीन मुलं आणि ऊन आलेली मोठी खोली, आमच्याकडे वन बीएचके, पावसाळ्यात सगळीकडे दुपटी वाळत घातलेली, त्याबद्दल एक शब्द नाही. आणि बुडापेस्ट सांगितलं, बोस्टन सांगितलं, आपलं डहाणूजवळचं बोर्डी कुणी सांगितलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि नंतर कोसबाडला पाड्यावरच्या मुलांसाठी शिंपले, बिया, पानं घेऊन साधनं केली, मुलं येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. इथून दोन-तीन तासांवर आहे हे. त्याचा एक तास जरी असता तरी सहा हजार वाचले असते बऱ्याचजणींचे.

पण सगळ्यात मोठी चूक मला वाटते ती अशी की कोर्स मालकिणीसाठी आहे. स्लाइड इंग्लिश, फी साडेअठरा हजार, आणि मुलाला दिवसभरात सगळ्यात जास्त हात लावतात त्या मावशी. मी दुपारी दोन ते तीन, मुलं झोपली की, त्यांना थोडं थोडं सांगायला लागले. मोठ्या मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या ताई, मी तर असंच करायची, तुम्हीच म्हणायच्या आटपा लवकर. खरं आहे ते. त्या आधीपासून थांबायच्या बाळासाठी आणि मी त्यांना घाई करत आले. धाकट्या मावशींना मात्र राग आला, मला येत नाही का असं वाटलं त्यांना, आणि ते साहजिक आहे, मालकीण रोज चूक काढते म्हटल्यावर. त्यांना बाहेरच्या कुणी, त्यांच्या भाषेत, वर्गात बसवून शिकवायला हवं, हातात सर्टिफिकेट यायला हवं, मग त्यांचा पगारही वाढवून मागता येईल त्यांना.

मी संस्थेला मराठी बॅचबद्दल विचारलं. पंधराजणी असतील तर रविवारी घेऊ म्हणाले, फी सात हजार, प्राथमिक उपचार बाहुल्यावर धरून. आजूबाजूच्या पाळणाघरांतून अकरा नावं झालीत. माझ्या दोघींची फी मी भरतेय आणि त्या रविवारचे पैसेही देणार आहे, कारण सुट्टी त्यांची जाते. डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याणकडे कुणाच्या मावशी यायला तयार असतील तर मला मेसेज करा, अजून चार हव्यात.