चिनी मजकूर मोजायचा तर शब्द तोडायचे की अक्षरं धरायची?

चिनीत शब्दांमध्ये स्पेसच नसते, त्यामुळे कुठला शब्द किती वेळा आला हे मोजायच्या आधीच अडतं. एक मार्ग म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं जिएबा हे टूल, ते डिक्शनरी बघून वाक्य तोडून देतं आणि आजच्या बातम्यांसाठी खरंच भारी चालतं, विषय पटकन कळतो. पण "नानजिंग शहराचा यांगत्से पूल" ही सात अक्षरं एक घर चुकून तोडली की "नानजिंगचे महापौर जिआंग दाछिआओ" असा नसलेला माणूसच उभा राहतो!

दुसरा मार्ग, तोडायचंच नाही, अक्षरं एकेक नाहीतर जोडीने मोजायची. जोड्यांमध्ये कचरा खूप येतो, एका शब्दाचं शेपूट नि दुसऱ्याचं डोकं. तरी जुन्या मजकुराला मला हेच पटतं, कारण अभिजात चिनीत बरेचसे शब्द एकाच अक्षराचे असतात. आणि लेखक ओळखायचा असेल तर नक्कीच हेच. 'होंगलौमंग' कादंबरीची १२० प्रकरणं, त्यातली शेवटची ४० दुसऱ्याच कुणाची का हा जुना वाद, तिथे 'ले', 'दे' असली नुसती व्याकरणाची बारकी अक्षरं मोजतात, कारण ती लिहिणाऱ्याच्या हातून नकळत पडतात, विषय कुठलाही असो.